पत्र्याच्या पेट्यांमधली मुंबई

माझ्या आईच्या मामांनी फोर्टातल्या एका सॉलिसिटर पेढीत पस्तीस वर्षे काढली. मॅनेजिंग क्लार्क हा त्यांचा हुद्दा. नातेवाइकांपैकी कुणी खोली किंवा जागा घेतली, की बाकीचे पेढे मागायचे आणि मामा विचारायचे, "टायटल कुणी तपासलं?" मी बारा-तेरा वर्षांचा असताना एकदा त्यांनी मला पेढीत नेले. आतल्या खोलीत भिंतभर काळ्या पत्र्याच्या पेट्या रचलेल्या होत्या आणि प्रत्येकीवर पांढऱ्या रंगात एकेका घराण्याचे, ट्रस्टचे, गिरणीचे नाव होते. मी वाचायला लागलो तसे त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला खिडकीकडे वळवले. "नावं वाचायची नाहीत," एवढेच म्हणाले.

मुंबईच्या सॉलिसिटर पेढ्यांच्या इतिहासाबद्दल जे जे लिहिले गेले आहे ते वाचताना मला तो खांद्यावरचा हात आठवतो. पेढी कधी सुरू झाली, भागीदार कोण होते, त्यातले न्यायाधीश कोण झाले, कुठल्या उद्योगपतीचे काम कुणाकडे होते, एवढे आपल्याला कळते. पेढीत काम काय चालायचे आणि त्यातून हे शहर कसे घडले, हे फारसे कळत नाही. वकिलीच्या आठवणी लिहिल्या त्या बहुतेक बॅरिस्टरांनी आणि न्यायमूर्तींनी. मोतीलाल सेटलवाड, एम. सी. छागला यांची आत्मचरित्रे आहेत, पी. बी. वाच्छांचा १९६२ चा मुंबईच्या न्यायाधीश-वकिलांवरचा मोठा ग्रंथ आहे. त्यांत सॉलिसिटर ब्रीफ घेऊन येतो आणि ब्रीफ ठेवून जातो. मित्रा शराफी यांनी २०१४ च्या पुस्तकात पारशी समाज आणि कायदा यांचे नाते खोलवर तपासले, तेव्हा कुठे या मधल्या माणसांकडे नीट प्रकाश गेला. मराठीत तर या विषयावर मला जवळजवळ काहीच सापडत नाही. या पेढ्यांच्या टंकलेखन यंत्रांपुढे आणि कोर्टाच्या फायलिंग काउंटरपुढे गिरगाव, लालबाग, दादरची कितीतरी मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या उभी राहिली, म्हणून ही उणीव अधिक लागते.

सुरुवात कोर्टापासून करावी लागते, कारण ही पेढी कोर्टाच्या रचनेतूनच जन्मली. मुंबईत १७२६ च्या सनदेने मेयर्स कोर्ट आले, १७९८ मध्ये रेकॉर्डर्स कोर्ट, १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आणि १४ ऑगस्ट १८६२ रोजी हायकोर्ट. सुप्रीम कोर्टाने विलायतेतली दुहेरी पद्धत इथे रुजवली. बॅरिस्टर कोर्टापुढे उभा राहून बोलेल, पण अशिलाकडून थेट काम घेणार नाही. अशिलाला भेटणे, कागद जमवणे, दावा किंवा कैफियत तयार करवून दाखल करणे, पत्रव्यवहार आणि पैशाचा हिशेब हे सगळे अॅटर्नीचे, म्हणजे सॉलिसिटरचे काम. हायकोर्ट आल्यावर ही पद्धत त्याच्या मूळ शाखेत, म्हणजे 'ओरिजिनल साइड'ला, तशीच चालू राहिली. मुंबई बेटावरचे मोठे दिवाणी दावे तिथे चालत. मुफसलातून येणारी अपिले दुसऱ्या शाखेत जात आणि तिथे सॉलिसिटरची सक्ती नव्हती.

पुण्या-साताऱ्याला, रत्नागिरीला, नागपूरला सॉलिसिटर पेढी का उभी राहिली नाही, याचे उत्तर इथेच आहे. मुफसलातला सनदी वकील कागदही करी आणि कोर्टात बोलेही. त्याचे ऑफिस म्हणजे घराची ओटी किंवा माडी. त्याच्यामागे मुलाने काळा कोट चढवला तर ठीक, नाहीतर वकीलसाहेबांबरोबर वकिलीही संपली. मुंबईची पेढी मात्र माणसाहून जास्त जगली. क्रॉफर्ड बेली १८३० ची, लिटल अँड कंपनी १८५६ ची, वाडिया घांदी १८८३ ची, मुल्ला अँड मुल्ला १८९५ ची. यांतल्या काही पाट्यांवरचे साहेब शंभर वर्षांपूर्वीच बोटीत बसून गेले, तरी पाटी तीच राहिली. मुल्ला पेढीच्या पूर्ण नावात क्रेगी, ब्लंट आणि कॅरो ही तीन इंग्रज नावे अजून आहेत. अशील त्या नावावर विश्वास ठेवून पेटी सोपवत असे, त्यामुळे नाव बदलणे परवडणारे नव्हते.

या पेट्यांतला सर्वांत जड ऐवज जमिनीच्या कागदांचा. मुंबई बेटावरच्या जमिनीचे हक्क महाराष्ट्रात दुसरीकडे कुठेच नाहीत असे गुंतागुंतीचे आहेत. पोर्तुगीज काळापासून चालत आलेल्या वहिवाटी होत्या आणि गव्हर्नर ऑन्जिअरने १६७२ मध्ये जमीनधारकांशी वर्षाला २०,००० झेराफिन देण्याचा करार ठरवला, त्यातून 'पेन्शन अँड टॅक्स' हा प्रकार आला. पिकाचा हिस्सा देण्यावरून टोका आला. कोटाबाहेरच्या, भरती अडवून सुकवलेल्या खाजणांवरून फोरस आला आणि त्यासाठी १८५१ चा स्वतंत्र कायदा झाला. फझेंदारी तर वेगळीच. जमिनीचा मूळ धनी एक, त्यावर घर बांधून राहणारा दुसरा आणि वर्षाकाठी चार-आठ आणे, रुपया असे भाडे पिढ्यान् पिढ्या चालू. घर विकले जाते, गहाण पडते, वाटणीत जाते, आणि फझेंदार आपला रुपया घेत राहतो. त्यातला कोण किती धनी, हे सांगायला सॉलिसिटरच हवा.

गिरगाव किंवा भुलेश्वरच्या एखाद्या इमारतीचे जुने खरेदीखत हातात घेतले, की शेवटच्या परिशिष्टात मिळकतीचे वर्णन येते. चतु:सीमा सांगून झाल्यावर नंबरांची रांग लागते : कलेक्टरच्या वहीतला जुना नंबर, नवा नंबर, जुना सर्व्हे नंबर, नवा सर्व्हे नंबर, लॉटनचा सर्व्हे नंबर आणि शेवटी कॅडस्ट्रल सर्व्हे नंबर. एकाच वाड्याला पाच-सहा नंबर! यांतले सर्व्हेचे नंबर मुंबईच्या मोजणीच्या खेपा सांगतात. १८११ ते १८२७ या काळातली डिकिन्सनची मोजणी, १८६५ ते १८७२ ची लॉटनची, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातली कॅडस्ट्रल. मोजणी नवी झाली तरी जुना नंबर खोडून चालत नसे, कारण आधीच्या खतात तोच असे आणि खतांची साखळी तुटली तर टायटल तुटले. मामा हे नंबर आरतीसारखे म्हणत. सर्चसाठी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात तीस तीस वर्षांच्या इंडेक्स वह्या चाळाव्या लागत आणि त्यातली एक नोंद नजरेतून निसटली तर पेढीची अब्रू जाई. टायटल सर्टिफिकेटवर सही भागीदाराची, पण वही बोटांनी चाळलेली मामांसारख्यांनी.

पेढीला आणखी एक आधार होता आणि इतिहास लिहिताना त्याकडे दुर्लक्ष होते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने मुंबई, कलकत्ता, मद्रास अशा मोजक्या शहरांना एक खास सवलत दिली. कर्ज घेणाऱ्याने आपल्या मिळकतीची मूळ खते सावकाराच्या हाती ठेवली, की तेवढ्याने गहाण झाले. नोंदवलेल्या गहाणखताची गरज नाही. पुण्याच्या व्यापाऱ्याला जे काम करायला रजिस्ट्रारकडे जावे लागे, ते मुंबईचा व्यापारी दुपारच्या चहाच्या वेळेत उरकू शकत होता. शहरात पैसा खेळता राहिला त्यात या सोयीचा वाटा मोठा. मात्र त्यासाठी खते खरी आहेत, पुरी आहेत आणि त्यांवर दुसऱ्या कुणाचा बोजा नाही, हे सांगणारा माणूस लागे. मृत्युपत्राचेही तसेच. १८७० च्या हिंदू विल्स अॅक्टपासून मुंबईतल्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची चौकट लागू झाली. नाशिकच्या घरात जो कागद भावांनी वाचून देवघरात ठेवला असता, तो इथे हायकोर्टात न्यावा लागे. त्यामुळे एकाच कुटुंबाचे आजोबांचे मृत्युपत्र, वडिलांची वाटणी आणि नातवाचे लग्नाआधीचे सेटलमेंट एकाच पेढीच्या एकाच पेटीत साठत गेले.

व्यापाराचा आणि गिरण्यांचा भाग बऱ्याच जणांनी लिहिला आहे, म्हणून मी तो थोडक्यात सांगतो. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईतल्या पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. मग शेअरांचे वेड, अमेरिकेतले यादवी युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये झालेला कोसळ आणि त्यामागोमाग दिवाळखोरीच्या अर्जांची रीघ. कंपनी काढायला सॉलिसिटर लागे आणि बुडाली की निस्तरायलाही तोच. १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, जुन्या वस्त्या पाडून रस्ते काढले गेले आणि भूसंपादनाच्या भरपाईची कामे पेढ्यांकडे आली.

पेढी ही न्यायाचे फाटक राखणारी होती आणि फाटक राखणाऱ्याकडे सत्ता येतेच. मूळ शाखेत बॅरिस्टर कितीही हुशार असला, तरी सॉलिसिटरने ब्रीफ दिल्याशिवाय त्याचे तोंड उघडत नसे. बद्रुद्दीन तय्यबजी १८६७ मध्ये मुंबई हायकोर्टातले पहिले हिंदी बॅरिस्टर झाले. त्यांच्याआधी त्यांचे थोरले बंधू कमरुद्दीन विलायतेत सॉलिसिटर होऊन आले होते, १८५८ मध्ये, पहिले हिंदी सॉलिसिटर म्हणून. धाकट्याच्या आधी थोरल्याची पेढी उभी असणे हा त्या घराण्याच्या यशाचा पाया होता, असे मला वाटते. दक्षिण आफ्रिकेतून परतलेल्या गांधींनीही १९०२ मध्ये मुंबईत बस्तान बसवताना फोर्टात पेन, गिल्बर्ट आणि सयानी या पेढीच्या ऑफिसातच जागा घेतली होती. मिठन टाटा, पुढे मिठन लाम, १९२३ नंतर हायकोर्टात आल्या, तेव्हा त्यांना पहिले ब्रीफ मिळाले ते एका विचित्र कारणाने : आपली बाजू भक्कम आहे, तेव्हा प्रतिपक्षाला बाईकडून हरल्याची नामुष्की यावी, अशी त्या अशिलाची इच्छा होती. त्यांनी तो दावा जिंकला आणि कामाला लागल्या.

आणि त्याच १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच हायकोर्टात बॅरिस्टरीला सुरुवात केली. लंडन आणि कोलंबिया विद्यापीठांत शिकून आलेला, त्या वेळी या शहरातल्या सर्वांत विद्वान माणसांपैकी एक. धनंजय कीरांच्या चरित्रात नोंद आहे की अस्पृश्यतेच्या कलंकामुळे सॉलिसिटर त्यांच्याशी व्यवहार ठेवायला तयार नव्हते. म्हणून त्यांना अपील शाखेकडे आणि मुफसलातल्या कामांकडे वळावे लागले. पेढ्यांच्या गौरवग्रंथांत हे पान मला कधी दिसले नाही. ते पान तिथे असायला हवे. ज्या व्यवस्थेत एका मधल्या वर्गाच्या पसंतीशिवाय कोर्टाचा दरवाजा उघडत नव्हता, तिथे जात काय करू शकते याचा याहून ठसठशीत पुरावा दुसरा नाही. अॅटर्नीचा धंदा प्रामुख्याने इंग्रज, पारशी आणि गुजराती हातांत होता. मराठी नावे कमी, पण त्यांतले एक फार मोठे. रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर खेर न्यायमूर्ती बीमन यांच्याकडे चिटणीस होते. पुढे ते सॉलिसिटर झाले आणि १९१८ मध्ये त्यांनी मणिलाल खेर ही पेढी काढली. १९३७ मध्ये तेच मुंबई प्रांताचे पहिले काँग्रेसी पंतप्रधान झाले. खेरांच्या कारभारातला कागदाचा काटेकोरपणा पेढीतून आला, असे मी मानतो.

एका मराठी घरात सॉलिसिटरची चिठ्ठी काय उलथापालथ करू शकते, हे रखमाबाईंच्या प्रकरणात दिसते. मार्च १८८४ मध्ये दादाजी भिकाजींनी वकिलामार्फत पत्र पाठवून बायकोला नांदायला पाठवण्याची मागणी केली. ते पत्र रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी पोहोचले. तिथून १८८५ चा न्यायमूर्ती पिन्ही यांचा निकाल, १८८६ चे अपील, १८८७ चा 'नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा' हा हुकूम आणि १८८८ ची तडजोड, एवढा प्रवास झाला. टिळकांपासून मलबारींपर्यंत सगळा महाराष्ट्र त्यात उतरला. निकालावर ग्रंथ लिहिले गेले. त्या पहिल्या पत्राचा मसुदा कुणी केला, किती वेळा खोडला, अशिलाने तोंडी काय सांगितले आणि लिहिताना त्याचे काय झाले, हे कुठल्याशा पेढीच्या दप्तरात होते. 'इंडियन लॉ रिपोर्ट्स'च्या मुंबई मालिकेत मूळ शाखेच्या निकालांखाली बारीक अक्षरांत दोन ओळी असतात, वादीचे अॅटर्नी अमुक, प्रतिवादीचे अॅटर्नी तमुक. वाचणारा तिथे पान उलटतो. मला मात्र वाटते, या पेढ्यांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने त्या दोन ओळींपासूनच सुरुवात करावी. खंडामागून खंड त्या ओळी उतरवल्या तरी कुठल्या पेढीकडे कुठला समाज, कुठला धंदा, कुठले भांडण जात होते याचा नकाशा तयार होईल.

स्वातंत्र्यानंतर या व्यवस्थेचा पाया एकेक दगडाने सुटत गेला. १९४८ च्या कायद्याने सिटी सिव्हिल कोर्ट आले. आधी १०,००० आणि लवकरच २५,००० रुपयांपर्यंतचे दावे तिकडे गेले आणि तिथे सॉलिसिटरची सक्ती नव्हती. ही मर्यादा २०१२ मध्ये १ कोटी झाली आणि २०२४ पासून १० कोटी आहे. दुहेरी पद्धत महाग आहे, एका कामाला दोन वकिलांचे पैसे पडतात, ही तक्रार फार जुनी आणि खरी होती. १९६१ च्या अॅडव्होकेट्स अॅक्टने तिला मुंबई आणि कलकत्त्यात तात्पुरते राहू दिले आणि १९७६ च्या दुरुस्तीने ती संपवली. आता कायद्यापुढे सगळेच अॅडव्होकेट. तरीही १८९४ मध्ये स्थापन झालेली बॉम्बे इनकॉर्पोरेटेड लॉ सोसायटी सॉलिसिटरची परीक्षा आजही घेते. आर्टिकलशिप, म्हणजे पेढीतली उमेदवारी, करून अवघड म्हणून नावाजलेली ती परीक्षा मुले आजही देतात. सक्ती गेल्यावरही एखादी पदवी टिकते, म्हणजे तिच्यामागे शिकवणीची काहीतरी खरी परंपरा असली पाहिजे. मसुदा करावा कसा, वाक्यात फट राहू द्यायची नाही ती कशी, हे कॉलेजात शिकवत नाहीत. ते मुरलेल्या माणसाशेजारी बसूनच येते.

पेढ्या मोठ्या का होऊ शकल्या नाहीत, याचेही कारण कायद्यातच होते. १९५६ च्या कंपनी कायद्यात वीसपेक्षा जास्त भागीदारांच्या पेढीला मनाई होती, आणि बार कौन्सिलच्या नियमांनी जाहिरातही बंद. म्हणून पेढी घराण्यात राहिली. अमरचंद अँड मंगलदास हे ठळक उदाहरण. १९१७ मध्ये मुंबईत निघालेली ही पेढी १९९१ नंतरच्या आर्थिक उदारीकरणात देशातल्या सर्वांत मोठ्या पेढ्यांत गणली गेली आणि २०१५ मध्ये दोघा भावांत विभागून तिच्या दोन पेढ्या झाल्या. कलकत्त्याच्या फॉक्स अँड मंडल (१८९६) आणि खेतान (१९११) यांचीही वाटचाल घराण्यांच्या आधारानेच झाली. २००८ च्या एलएलपी कायद्याने आणि नंतरच्या नियमांनी संख्येची अडचण बरीच सैल झाली. विदेशी पेढ्यांना दार किती उघडायचे हा वाद मुंबई हायकोर्टाच्या २००९ च्या निकालातून, सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालातून आणि बार कौन्सिलच्या २०२३ च्या नियमांतून पुढे सरकतो आहे. दरम्यान कित्येक बड्या पेढ्यांनी फोर्ट सोडला किंवा लोअर परळला दुसरे ठाणे मांडले, गिरण्यांच्या जमिनींवरच्या काचेच्या इमारतींत. दावे-अर्ज ज्यावर टंकले जात तो हायकोर्टातला हिरवा लेजर पेपरही मागे पडला.

आता दप्तराकडे येतो, कारण माझी खरी काळजी तिथे आहे. अशिलाचे गुपित राखण्याची सक्ती १८७२ च्या पुरावा कायद्यातच होती आणि २०२३ च्या नव्या पुरावा कायद्यातही आहे. वकिली संपली तरी ती संपत नाही. तिला मुदत नाही. याचा अर्थ १८८४ च्या अशिलाचे पत्र आजही भागीदाराने दाखवायचे नाही. जिवंत माणसाला हे संरक्षण मिळालेच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण अशील, त्याचे वारस, दावा आणि मिळकत यांपैकी काहीच उरले नाही, तिथेही कुलूप तसेच ठेवायचे का? सरकारी कागद ठरावीक वर्षांनी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात जाऊन बसतात. पेढीच्या कागदांना अशी जागाही नाही आणि मुदतही नाही. जागेचे भाडे वाढले, इमारत रिकामी करायची वेळ आली, की काय ठेवायचे ते दोन दिवसांत ठरते. वकिलांच्या कित्येक ऑफिसांची जागा असलेले एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे १८६९ चे जुने वॉटसन हॉटेल, २०१९ मध्ये धोकादायक म्हणून रिकामे केले गेले. अशा प्रत्येक वेळी मूळ खते अशिलांकडे परत जातात. मसुदे, पत्रांच्या नकला, कामाचा तपशीलवार खर्च मांडणारी बिले रद्दीत जातात. त्या बिलांत तारीखवार लिहिलेले असते : अशिलाला भेटलो, अमुकला पत्र लिहिले, कौन्सेलकडे गेलो, परत आलो. मुंबईच्या व्यवहाराची रोजनिशी याहून प्रामाणिक कुठे मिळेल?

शंभर वर्षांची मुदत घालावी, हायकोर्टाच्या देखरेखीखाली एखादा संग्रह करावा, नावे झाकून कागद अभ्यासकांना खुले करावेत, असे मला मनापासून वाटते. लॉ सोसायटीने मनावर घेतले तर हे जमण्यासारखे आहे. निदान प्रत्येक जुन्या पेढीने आपल्या पेट्यांची यादी तरी करून ठेवावी.

मामा निवृत्त झाले त्या आठवड्यात त्यांनी अशी यादी केली होती. पेटीचा नंबर, कपाट, आत किती गठ्ठे, किती खते मूळ आणि किती नकला, शेवटची कधी उघडली. लेजर पेपरच्या चाळीस-एक पानांवर, त्यांच्या उभट, सुट्या अक्षरांत. एक प्रत त्यांनी पेढीत दिली. दुसरी नव्हतीच. घरी आणणे त्यांना योग्य वाटले नव्हते.